काकाची टायटॅनियम सायकल: मूळ पार्ट शोधत बसू की चालती करू?

खांडेपार_काठ

नमस्कार मंडळी. प्रश्न सायकलीचा आहे, पण आधी थोडं सांगावं लागेल.

माझा काका बोटीवर होता. 1998 मध्ये सुट्टीवर येताना त्याने फ्लोरिडाहून एका भल्या मोठ्या खोक्यात सायकल आणली. तेव्हा आमच्या गावात सायकल म्हणजे पोदेराची (पाववाल्याची) नाहीतर शाळेत जायची. ही राखाडी, रंग न लावलेली, एका हाताने उचलली जाणारी. सगळे विचारायचे, "रंग द्यायचा राहिला काय रे?" काका बोंडल्याच्या चढावर ती चालवायचा. पुढे गुडघे दुखायला लागले आणि सायकल माळ्यावर गेली. काका गेल्या वर्षी गेला. काकी म्हणाली, "तूच घेऊन जा, माळ्यावर ठेवून कोणाला दाखवू?"

फ्रेम लाइटस्पीड कंपनीची, 'ओकोई' मॉडेलची आहे. साध्या पाण्याने धुतली, तर सोळा-सतरा पावसाळे माळ्यावर काढूनही गंजाचा एक ठिपका नाही. बाकी सगळ्याची मात्र दैना:

सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) ॲल्युमिनियमचा आहे, वर 27.2 (मिमी) कोरलंय. तो फ्रेममध्ये असा बसलाय की जणू एकाच ओतीवचा. फोर्कमधले (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यातले) धक्के झेलणारे रबरी गुटके उन्हात ठेवलेल्या गुळासारखे झालेत, बोटाला चिकटतात. शिफ्टरचा (गिअर बदलायचा) खटका दाबला की नुसता जातो आणि येतो, आत काही पकडत नाही. मधल्या चेनरिंगचे (पॅडलजवळच्या चक्राचे) दाते मोरी माशाच्या (शार्कच्या) दातांसारखे एका अंगाला कललेत. ती पाच बोल्टांची आहे आणि तसली आता कुठे दिसत नाही. चेन तर काठीसारखी सरळ उभी राहते.

गिअर शिमानो एक्सटी, 8-स्पीड. प्रश्न असा, की त्या काळचेच पार्ट शोधून ती होती तशी करायची, की मिळेल ते लावून रस्त्यावर आणायची? आणि तो सीटपोस्ट कसा काढू?

---

घाटचढ

वा! अहो, ओकोई हे टेनेसीतल्या नदीचं नाव. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमधली खळखळत्या पाण्यातली होड्यांची शर्यत त्याच नदीवर झाली होती. माउंटन बाइकची शर्यतही ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा त्याच वर्षी आली. नदीचं नाव असलेली सायकल खांडेपार नदीच्या काठी येऊन राहिली, हे वाचून फार बरं वाटलं.

फोटो हवेत. वेल्डिंगचे जवळून.

---

रानभेंडी

वाचतेय. फोटो +१

---

आटे_आणि_छर्रे

पार्टचं नंतर बघू. आधी सीटपोस्ट. तो निघाला नाही तर बाकी सगळी चर्चा वाया.

हा गंज नव्हे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओल, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यात टायटॅनियमला काही होत नाही, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि पाचर मारल्यासारखी बसते. किनाऱ्याकडची हवा, घाम, पाऊस... गोव्यात हे होणारच.

ब्लोटॉर्च लावू नका. गॅरेजवाले पहिला सल्ला तोच देतात. ॲल्युमिनियम तापल्यावर टायटॅनियमच्या अडीचपटीहून जास्त फुगतं, म्हणजे पोस्ट आणखी घट्ट बसेल. आपल्याला उलटं करायचंय, गार करायचंय. पोस्ट पोकळ असेल तर आत बर्फाचा चुरा आणि खडेमीठ ठासून भरा. 50 अंशांचा फरक पडला तर 27.2 च्या पोस्टमध्ये जेमतेम 0.02 मिमी फट पडते. ऐकायला काहीच नाही, पण भुकटीची पकड तुटायला कधीकधी तेवढंही पुरतं. आदल्या दोन रात्री आत शिरणारं तेल सोडून ठेवा.

बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या आसाचं बेअरिंग) काढताना लक्षात असू द्या, चेनकडच्या बाजूला उलटे आटे असतात. तिथे जोर लावून फ्रेमचे आटे गेले तर रडायची पाळी.

---

जुनं_ते_सोनं_पुणे

माझं मत स्पष्ट सांगतो. ही सायकल एका विशिष्ट वर्षाची आहे. तिच्यावर आजचा 12-स्पीडचा गिअर आणि काळा कुळकुळीत फोर्क लावणं म्हणजे जुन्या वाड्याला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवणं. चालेल, पण वाडा राहणार नाही.

मी स्वतः 1994 ची एक स्टीलची माउंटन बाइक चार वर्षं लावून पूर्ण केली. एका डाव्या शिफ्टरसाठी अकरा महिने थांबलो. तो आला त्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली होती.

तुमचं शिफ्टर मेलेलं नाही. आतलं ग्रीस सुकून मेणासारखं झालंय आणि खटक्याची छोटी पकड त्यात अडकलीये. उघडू नका. आतल्या स्प्रिंगा उडाल्या की परत बसवणं घड्याळजीचं काम आहे. केबल काढा, डब्ल्यूडी-40 भरपूर मारा आणि दोन-तीनशे वेळा खटका दाबत राहा. काळं पाणी गळून गेलं की शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब. दहातली आठ शिफ्टर यानेच जिवंत होतात, हा माझा अनुभव.

---

रोज_चाळीस

पुणेकर दादांबद्दल आदर आहे, पण मी दुसऱ्या बाजूचा. सायकल चालवायला असते. काकांनी ती बोंडल्याच्या चढावर नेली, काचेच्या कपाटात ठेवली नाही.

आणि तुम्हाला वाटतंय तेवढं अवघडही नाही. 8-स्पीडची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) आणि चेन आजही नवी मिळते, तीही स्वस्तात. 26 इंची टायर तर कुठेही मिळतील, कारण आपल्याकडच्या स्वस्त माउंटन बाइक वर्षानुवर्षं त्याच मापाच्या होत्या. टायरवर 559 (रिमचं मिमीतलं माप) आकडा बघून घ्या, झालं. खरे अवघड पार्ट दोनच: फोर्क आणि चेनरिंग.

---

फोंड्याची_अबोली

559 वरून आठवलं. माझ्या आजोबांच्या सायकलीवरही 26 लिहिलेलं होतं, पण 26 x 1 3/8. भावाने माउंटन बाइकचा टायर आणला आणि दोघं तासभर झटत बसले. शेवटी शेजारच्या पोदेराने सांगितलं की ती रिम वेगळी.

---

आटे_आणि_छर्रे

@अबोली, बरोबर. 26 x 1 3/8 ची रिम 590 ची. आणि पोदेराची स्वतःची, 28 x 1 1/2, म्हणजे 635. इंचाचा आकडा फसवतो, मिमीचा नाही.

पोदेराच्या सायकलीवर खरं तर वेगळा धागा हवा. मागे पावांची ती मोठी टोपली, पहाटेचा काळोख, खड्डे, आणि ती रोज चालते. दर दोन महिन्यांनी मागचे छर्रे बदलतात, पण फ्रेम वीस-वीस वर्षं तीच.

---

रानभेंडी

आणि तो भोंगा! पों पों ऐकलं की आमची मांजरसुद्धा दारात जाऊन बसायची. :)

---

खांडेपार_काठ

मंडळी, हालहवाल.

शिफ्टर जिवंत झालं! पुणेकर दादा, तुमचे पाय धरतो. पावणेदोनशेव्या खटक्याला आतून "टक्" असा आवाज आला आणि मी एकटाच खोलीत ओरडलो.

सीटपोस्ट मात्र हलला नाही. रविवारी पहाटे मालीमच्या जेटीवर जाऊन मासळीच्या बर्फाचा चुरा पोतंभर आणला. पोस्टमध्ये बर्फ आणि मीठ ठासलं, बाहेरून दव धरेपर्यंत थांबलो. पोस्टचं डोकं वाइसमध्ये पकडून दोघांनी फ्रेम फिरवली. "करर्र" असा आवाज आला, केसभर फिरलाही असेल, मग परत तिथेच. त्याआधी एका गॅरेजमध्ये हातोडीने ठोकून झालं होतं, त्यामुळे पोस्टचं तोंड थोडं चेपलंय.

आणि आता नवीन काळजी. सीट ट्यूबच्या (सीटपोस्ट बसतो त्या नळीच्या) वरच्या खाचेच्या टोकाशी एक बारीक रेघ दिसतेय. तडा असेल तर संपलं का सगळं?

---

वास्कोचा_वेल्डर

मी जहाजांच्या कामात पाइप वेल्डिंग करतो. रेघ डोळ्याने ठरवू नका. डाय पेनेट्रंट मिळतं, स्प्रेच्या तीन डब्यांचा संच. आधी क्लीनरने जागा स्वच्छ करायची, मग लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. वरचा रंग फडक्याने पूर्ण पुसायचा आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेषेसारखा उमटतो. ओरखडा असेल तर काही दिसत नाही. फॅब्रिकेशनच्या कुठल्याही मोठ्या वर्कशॉपमध्ये हे असतं.

तडा निघाला तरी संपलं नाही. पण कोणाकडूनही वेल्डिंग करून घेऊ नका, ही हात जोडून विनंती. टायटॅनियम तापलं की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतं आणि काचेसारखं ठिसूळ होतं. म्हणून बाहेरून आर्गॉन, आणि नळीच्या आतूनही आर्गॉन. टाका गार होईपर्यंत गॅस बंद करायचा नाही. काम झाल्यावर रंग बघायचा. चंदेरी उत्तम, फिकट सोनेरी चालेल. निळा-जांभळा आला तर शंका घ्या, आणि पांढरी पावडर दिसली तर तो टाका कापून टाकायचा. आम्ही शिकाऊ पोरांना हे रंग आधी पाठ करायला लावतो.

जुन्या लाइटस्पीडच्या टाक्यांचे फोटो पाहिले. एकावर एक नाणी रचून आडवी केल्यासारखे दिसतात. ज्याने केलेत त्याचा हात फार स्थिर होता.

---

म्हापशाची_बाई

मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवते. सायकलीतलं मला काही कळत नाही, मुलगा हा धागा वाचत होता म्हणून लिहिते.

पोस्ट ॲल्युमिनियमचा आणि फ्रेम टायटॅनियमची असेल तर पोस्ट विरघळवता येतो. कॉस्टिक सोड्याचं द्रावण ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर खातं आणि मग धातूच खाऊन टाकतं. त्यातून हायड्रोजन वायू निघतो. टायटॅनियमवरच्या ऑक्साइडच्या थराला साध्या तापमानाला, पातळ द्रावणात काही होत नाही.

पण हे अंगणात करायचं, घरात नाही. आसपास विडी-काडी, चूल, दिवा काही नको. डोळ्यांना बंद गॉगल आणि कोपरापर्यंत रबरी हातमोजे हवेतच. सोडा पाण्यात थोडा थोडा घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही, ते उकळून अंगावर येतं. लिटरभर गार पाण्याला 100 ग्रॅमच्या वर जाऊ नका. घाई केली की द्रावण तापतं आणि फेसाळून उतू जातं. भांडं प्लास्टिकचं, पत्र्याची बादली नको. अंगावर उडालं तर भरपूर वाहतं पाणी, पंधरा मिनिटं तरी. डोळ्यात गेलं तर धूत धूतच दवाखाना.

मुलांना जवळ उभं करू नका. एवढं ऐका.

---

रोज_चाळीस

बाई, एवढी आम्ल-अल्कली करण्यापेक्षा हॅक्सॉचं पातं आत घालून पोस्टला उभी चीर पाडली तर? चीर पडली की तो आत दुमडतो आणि निघतो. मी स्टीलच्या फ्रेमवर केलंय, दोन संध्याकाळी गेल्या.

---

आटे_आणि_छर्रे

स्टीलवर ठीक. पण आत हात जात नाही आणि पातं दिसत नाही. एक घसट जास्त झाली की फ्रेमच्या नळीला आतून कायमची खाच. टायटॅनियमला खाच आवडत नाही, पुढे तडा तिथूनच जातो. मी बाईंच्या बाजूने.

करणार असाल तर: बॉटम ब्रॅकेट, पुढचा डिरेलर (चेन सरकवणारा भाग), बाटलीचा स्टँड, सगळं काढा. पोस्टच्या वरच्या तोंडाला रबरी बूच ठोका, फ्रेम उलटी टांगा आणि बॉटम ब्रॅकेटच्या भोकातून द्रावण थोडं थोडं ओता. बाटलीच्या भोकांत रबरी वॉशर घालून स्टीलचे बोल्ट पिळा. खाली टब ठेवा, पोस्ट खाल्ला गेला की खाचेतून गळायला लागेल. नळ्यांच्या सांध्यात आतून बारीक भोकं असतात, द्रावण वरच्या नळीतही शिरू शकतं, म्हणून शेवटी फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवून धुवा.

---

घाटचढ

चेनरिंगचं माप कोणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो. पाच बोल्टांत समोरासमोर बोल्ट येत नाही, त्यामुळे व्यास थेट मोजता येत नाही. शेजारच्या दोन बोल्टांचं मध्य ते मध्य अंतर घ्या. 55.3 मिमी आलं तर बोल्टांचं वर्तुळ 94 मिमीचं, 64.7 आलं तर 110 चं. 110 ची रिंग अजून मिळते. 94 असेल तर शोध.

---

खांडेपार_काठ

55.3. शोध.

पण आधी मोठी बातमी: पोस्ट निघाला.

पेनेट्रंटची तपासणी एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये करून घेतली. पांढऱ्या थरावर काही उमटलं नाही, साधा ओरखडा. तिथल्या माणसाने माझ्याकडे बघून पाणी आणून दिलं.

मग पावसाने उघडीप दिल्यावर अंगणात, फणसाच्या फांदीला फ्रेम उलटी टांगली. पहिलं द्रावण ओतलं आणि दहा मिनिटं काहीच नाही. मग नळीला कान न लावताही ऐकू यायला लागलं, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं. नळी हाताला कोमट लागली. तासाभराने काळपट राखाडी गाळ टबात पडायला लागला. दिवसभरात द्रावण चार वेळा बदललं. काकी ओसरीवर खुर्ची टाकून बसली होती. मध्येच म्हणाली, "तुझ्या काकाला हे दाखवायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टचा राहिलेला भाग कागदासारखा पातळ झाला होता. पकडीने धरून ओढला तर केळीच्या सालीसारखा सोलून आला. नळी आतून पाण्याने धुतली, मग व्हिनेगर, मग परत पाणी, अर्धा तास. आत टॉर्च मारला तर फ्रेम आतून अगदी नवी, नळी ओढतानाच्या बारीक रेघासुद्धा दिसतात. बाहेरून हिरव्या घासणीने एकाच दिशेने हलकं पुसलं, तर ओरखडेही त्या पोतात मिसळून गेले.

म्हापशाच्या बाई, तुमचे आभार कसे मानू?

---

म्हापशाची_बाई

डोळे शाबूत आहेत ना? मग पुरे.

---

आटे_आणि_छर्रे

शाब्बास रे बाब! आता नवा पोस्ट कोरडा घालू नको. कॉपर अँटी-सीझ (तांबं असलेली, जाम होऊ न देणारी पेस्ट) लावायचं, बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांनाही. टायटॅनियमचे आटे एकमेकांत घासून अडकतात, साधं ग्रीस पावसात धुऊन जातं. आणि पावसाळ्यापूर्वी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, पोस्ट काढून पुसून परत घालायचा. पाच मिनिटांचं काम आहे, त्यापायी तू दोन महिने घालवलेस.

---

वास्कोचा_वेल्डर

रिंगसाठी: वेर्ण्याला सीएनसीची (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची) वर्कशॉप आहेत, एक-दोन नग करून देणारी. 7075 जातीचं ॲल्युमिनियम सांगा. 32 दात्यांच्या रिंगचा पिच व्यास 129.6 मिमी येतो, दोन दात्यांतलं अंतर 12.7. जुनी रिंग नमुना म्हणून देऊ नका, झिजलेले दातेच कॉपी होतील. ड्रॉइंग द्या.

---

जुनं_ते_सोनं_पुणे

थांबा. वेर्ण्याला जायची गरज नाही.

माझ्या खोक्यात 94 ची 32 दात्यांची रिंग आहे. त्याच काळची, कोरी, पाकिटातली. एका सायकलीसाठी घेतली होती, ती सायकल पुढे माझ्याकडे आलीच नाही. सात वर्षं पडून आहे. पैसे नकोत. फक्त बसवल्यावर फोटो पाठवा, चेनकडच्या बाजूने.

मूळ प्रश्नाचंही सांगतो. मी वर जे लिहिलं त्यातलं फोर्कपुरतं मागे घेतो. रबरी गुटके एवढ्या वर्षांत जाणारच, मूळ गुटके मिळाले तरी तेही तेवढेच म्हातारे. तिथे हट्ट नको. पण जुना फोर्क टाकू नका. पुसून, कापडात गुंडाळून, उभा ठेवा.

---

रोज_चाळीस

दादा, मानलं.

फोर्कसाठी मी साधा स्टीलचा सरळ चिमटा सुचवेन, सस्पेन्शनच्या उंचीला धरून बनवलेला. ॲक्सलपासून क्राउनपर्यंतचं (चाकाच्या आसापासून चिमट्याच्या माथ्यापर्यंतचं) माप जुन्याशी जुळवा, सस्पेन्शन बसल्यावर जेवढं दबतं तेवढं वजा करून. 20 मिमी उंच गेलात तर पुढचा कोन साधारण एका अंशाने पडतो, हँडल सुस्त होतं आणि हेड ट्यूबवर (फ्रेमच्या पुढच्या नळीवर) ताण वाढतो. व्ही-ब्रेकचे खुंट आहेत ना बघून घ्या, आजकालच्या फोर्कना बऱ्याचदा नसतात.

---

खांडेपार_काठ

रिंग आली, बसली, पुणेकर दादांना फोटो गेला. चिमटाही मिळाला, स्टीलचा, खुंटांसकट. शिफ्टर, मागचा डिरेलर, क्रँक, ब्रेक सगळं काकाचंच. कॅसेट, चेन, टायर, केबल नवे. म्हणजे दोन्ही बाजू थोड्या थोड्या जिंकल्या.

काल पहाटे निघालो. उसगाव, तिस्क, धारबांदोडा, मग साकोर्ड्याहून आत तांबडी सुर्ल्याला. पाऊस नव्हता, पण रस्ता ओला आणि झाडांचं पाणी गळत होतं. उतारावर इतर सायकलींना हाताला जी कणकण लागते ती हिला लागत नाही. खड्डा कळतो, पण टोचत नाही. देवळाच्या पायऱ्यांशी उभी केली, तर तिथल्या एका आजोबांनी निरखून विचारलं, "रंग काढलास की द्यायचा आहे?"

घरी आल्यावर काकीने काकाची पितळी घंटी आणून दिली. तिने इतकी वर्षं कपाटात ठेवली होती, मला माहीतही नव्हतं. ती लावली.

एकच गोष्ट राहिलीय. मागच्या रिमची ब्रेक लागते ती भिंत बोटाला आत खोलगट लागतेय, खाणपट्ट्यातल्या लाल चिखलाने खाल्ली असणार. पट्टी आडवी धरली तर मधून उजेड दिसतो. 559, 32 भोकांची, व्ही-ब्रेकची रिम कोणाकडे असेल तर सांगा. हब काकाचाच ठेवायचा आहे.

---

आटे_आणि_छर्रे

उजेड दिसतोय तर त्या चाकावर उतार उतरू नकोस, रिम फुटते. तारा नव्या घे, जुन्या रिमच्या मापाच्या चालतीलच असं नाही. चाक बांधून आउट मी काढून देतो, फोंड्याला ये.

---

जुनं_ते_सोनं_पुणे

चंदेरी की काळी? पत्ता आहेच माझ्याकडे. व्यक्तिगत निरोप बघा.